जुनी वायरची डोअरबेल काढायची आहे? आधी एवढी तयारी करा

दाराला बॅटरीवरची किंवा कॅमेऱ्याची बेल लागली की जुनी डिंगडाँग भिंतीवर नुसती धूळ खात राहते आणि एखाद्या रविवारी ती उतरवायची हुक्की येते. तशी आली तर आधी यूट्यूबवरचे अमेरिकन व्हिडिओ बंद करा. तिकडच्या बेलला छोटा ट्रान्सफॉर्मर असतो, बटणापर्यंत जेमतेम १६ ते २४ व्होल्ट पोचतात, म्हणून तो गडी तारा बोटांत धरून निवांत गप्पा मारतो. आपल्याकडच्या साध्या बेलला मध्ये असलं काही नसतं. बोर्डातले २३० व्होल्ट थेट दाराबाहेरच्या त्या इवल्याशा बटणात येऊन बसलेले असतात, कोणी दाबो अथवा न दाबो.

बेल कोणत्या लाइनवर आहे ते आदल्या दिवशीच शोधून ठेवा. एकाने बाहेर थांबून अधूनमधून बटण दाबायचं, दुसऱ्याने बोर्डातली एकेक एमसीबी (जादा भार आला की आपोआप पडणारा छोटा स्विच) पाडत जायचं. जी पाडल्यावर आवाज बंद झाला तिच्यावर पेन्सिलने खूण करा. घरात अजून चिनी मातीचे किटकॅट फ्यूज असतील तर चालू लाइनवर हा खेळ करू नका, सरळ मेन स्विच खाली ओढायचा आणि मग फ्यूज उपसून खिशात ठेवायचा. खिशातच, कारण बोर्डावर ठेवलेला फ्यूज घरातलं कोणीतरी ‘लाइट गेली वाटतं’ म्हणत परत लावतंच.

मेन बंद केला तरी बेल वाजली, तर ती इन्व्हर्टरवर आहे. हे फार घरांत असतं. लोडशेडिंगच्या दिवसांत वायरमन मंडळींनी हॉलचा दिवा, पंखा आणि बेल सवयीनेच इन्व्हर्टरवर टाकून दिली. इथे दोन चुका हमखास होतात. इन्व्हर्टरचा प्लग सॉकेटमधून काढला की काम झालं असं वाटतं, पण त्याच्या दृष्टीने लाइट गेलेली असते, त्यामुळे तो इमानेइतबारे बॅटरीवरून २२०-२३० व्होल्ट पुरवायला लागतो. उलट नुसतं त्याचं पुढचं बटण बंद केलं तर बहुतेक घरगुती इन्व्हर्टर मेनची वीज तशीच पुढे सोडतात. म्हणून दोन्ही करायचं: पुढचं बटण बंद आणि मेनही बंद. त्यानंतर बेल, दिवा, पंखा सगळं खरंच मेलंय का ते पाहा.

सामान फारसं लागत नाही. टेस्टर, शक्यतो मल्टिमीटर, इन्सुलेशन असलेला बारीक स्क्रू ड्रायव्हर, पक्कड, दोन-तीन कनेक्टर, काळी टेप, चार्ज केलेला टॉर्च आणि कोरडं लाकडी स्टूल. ॲल्युमिनियमची शिडी राहू द्या. दिवसाउजेडी करा आणि पावसाळ्यात पाणी झिरपून बाहेरची भिंत ओली झाली असेल तर भिंत वाळेपर्यंत थांबा. बेल काही पळून जात नाही.

आता तपासणी, आणि सगळ्यात जास्त लोक इथेच फसतात. फेज, म्हणजे वीज आणणारी तार, साधारणपणे बोर्डातून आधी बटणात जाते, तिथून बेलच्या कॉइलकडे. त्यामुळे लाइन चालू असताना आत बेलच्या स्क्रूला टेस्टर लावला तर तो पेटतच नाही आणि आपण समजतो, इथे वीज नाही. तेवढ्यात दूधवाला बाहेरून बटण दाबतो. म्हणून बेलपाशी तपासताना बाहेर एकाला बटण दाबून धरायला लावा. टेस्टरही आधी चालू असलेल्या सॉकेटमध्ये पेटतो का ते बघा, मग लाइन पाडून बेलवर आणि बटणावर लावा, शेवटी पुन्हा एखाद्या चालू जागी. सगळा मेनच पाडणार असाल तर पहिली चाचणी आधी उरका आणि शेवटची वीज सुरू केल्यावर. उन्हात टेस्टरचा बारीक दिवा दिसत नाही, हेही लक्षात असू द्या. मल्टिमीटर असेल तर एसीच्या ७५० च्या रेंजवर ठेवून दोन्ही तारांमध्ये आणि जमल्यास प्रत्येक तार व अर्थिंग यांच्यात मोजा. रंगांवर विसंबू नका. जुन्या फिटिंगमध्ये लाल म्हणजे फेज, काळी म्हणजे न्यूट्रल (वीज परत नेणारी तार) असा रिवाज होता खरा, पण बेलची लाइन बहुधा हाताशी उरलेल्या तुकड्यांतूनच ओढलेली असते.

बटणाचं झाकण उघडलं की आत कोळ्याची जाळी, हिरवट गंज चढलेले पितळी स्क्रू आणि कडक झालेली वायर दिसेल. काही सैल करण्याआधी फोटो काढा. वायर वाकवल्यावर वरचं आवरण पापुद्र्यासारखं सुटत असेल, किंवा लाकडी पट्टीवरची जुनी रबरी वायर असेल, तर तिथेच हात थांबवा आणि परवानाधारक वायरमनला बोलवा. १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांतही दिवे, पंखे, स्विच, फ्यूज बदलण्यासारखी किरकोळ कामं सोडून बाकी वायरिंग परवानाधारकाकडूनच करून घ्यायला सांगितलं होतं. लाइन बोर्डातूनच तोडून घेणं सर्वांत चांगलं, आणि त्यासाठी वायरमनला दिलेले पैसे मला तरी जास्त वाटत नाहीत.

स्वतः करत असाल तर तारा एकेक करून सोडवा, पक्कडीने दोन्ही एकदम कापू नका. प्रत्येक टोकाला वेगळा कनेक्टर, त्यावर टेप, आणि दोन्ही टोकं एकमेकांना लागणार नाहीत अशी आत सरकवून वर कोरी प्लेट. हे बेलपाशीही आणि बाहेर बटणापाशीही. बाहेरचं टोक विसरू नका, तिथे मुलांची बोटं पोचतात.

वीज सुरू करताना आधी मेन, मग ती एमसीबी, शेवटी इन्व्हर्टर. मग हॉलमधला आणि पॅसेजमधला प्रत्येक दिवा लावून बघा. एखादा लागला नाही, तर बेलच्या एकाच स्क्रूखाली दोन तारा होत्या का ते फोटोत पाहा. बेलवरून न्यूट्रल पुढे दिव्याकडे नेलेली असणार. पुन्हा सगळं बंद करून, तपासून, त्या दोन तारा एका कनेक्टरमध्ये जोडून टाका.