पूलसाठी परसातली जमीन तयार करताना या चुका टाळा

जमिनीवर उभ्या करायच्या स्विमिंग पूलचा खोका घरी आला की सगळ्यांना घाई होते ती पाण्यात उतरायची. खोक्यावर जोडणीला लागणारा वेळ छापलेला असतो आणि तो खराही असतो, पण तो आधीच तयार असलेल्या जमिनीवरचा असतो. जमीन तयार करायला एक-दोन पूर्ण दिवस जातात. बिघडलेल्या पूलच्या तक्रारी ऐकाल तर दोष बहुतेक वेळा फ्रेमचा किंवा लायनरचा (पाणी धरून ठेवणाऱ्या आतल्या प्लास्टिकच्या अस्तराचा) नसतो, खालच्या मातीचा असतो.

आधी वजनाचा हिशोब करा. साडेचार मीटर व्यासाच्या पूलमध्ये १.१ मीटर पाणी भरलं तर ते सुमारे साडेसतरा हजार लिटर होतं, म्हणजे साडेसतरा टन. प्रत्येक चौरस मीटरवर अकराशे किलो. घराच्या मजल्याची रचना करताना माणसं आणि सामान यांच्यासाठी चौरस मीटरमागे साधारण २०० किलो धरतात. म्हणून असा पूल गच्चीवर मांडायचा विचार मनात आला असेल तर तो आत्ताच सोडून द्या.

खोलगट बाजूला भर घालणं

सगळ्यात जास्त दिसणारी आणि सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. परसाला थोडा उतार असतोच. सहा मीटरांत दहा सेंटिमीटरचा उतार डोळ्यांना कळतही नाही. तो मोजल्यावर दोन रस्ते दिसतात: उंच बाजू खणायची किंवा सखल बाजू भरायची. खणायला घाम गाळावा लागतो, भरायला चार घमेली माती पुरतील असं वाटतं. नवखा माणूस हमखास भरायला घेतो, वर पाय दाबून बघतो, घट्ट लागते, आणि पूल मांडतो.

पुढे काय होतं ते क्रमाने पाहा. पहिल्या दिवशी पाणी अगदी समपातळीत दिसतं. पायाने दाबलेल्या मातीत अजून भरपूर हवा असते आणि आता तिच्यावर चौरस मीटरला अकराशे किलो बसलेले असतात. काही दिवसांत, किंवा पहिल्या जोरदार पावसानंतर, ती बाजू खचायला लागते. खचली की पाणी तिकडे झुकतं, झुकलं की तिथला भार वाढतो, भार वाढला की माती आणखी खचते. पाण्याची खोली १.१ ऐवजी १.२ मीटर झाली तर भिंतीवरचा आडवा रेटा सुमारे १९ टक्क्यांनी वाढतो, कारण तो खोलीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत जातो. गोल फ्रेम अंडाकृती व्हायला लागते, त्या बाजूचे पाय बाहेर कलतात, वरच्या कडेची जोडणी ओढली जाते. इथे लोक दुसरी चूक करतात: भरलेल्या पूलचा पाय जॅकने उचलून खाली विटा सरकवतात. हे कधीही करू नका. ताणलेली फ्रेम सुटली तर साडेसतरा टन पाणी काही सेकंदांत सखल बाजूला धावतं आणि विटा सरकवणारा नेमका तिथेच बसलेला असतो. पूल कलला तर उपाय एकच: रिकामा करा, उचला, जमीन पुन्हा करा.

म्हणून उंच बाजूच खणायची. पूलच्या मध्यावर खुंटी ठोका, सुतळी बांधा आणि पूलच्या त्रिज्येपेक्षा ६० सेंटिमीटर जास्त घेऊन फक्कीने वर्तुळ आखा. कामाला फिरता येईल एवढी जागा हवीच. सगळ्यात सखल बिंदू शोधा आणि बाकीची जमीन त्याच्या पातळीला उतरवा. वरच्या उदाहरणात साधारण सव्वा घनमीटर, म्हणजे दोन टनांच्या आसपास माती निघेल. दोन माणसांचं एका दिवसाचं काम आहे. एवढा कंटाळा येत असेल तर पूल लहान घ्या, पण भर घालू नका.

पातळी मोजायला लेव्हल पाइप उत्तम. पारदर्शक नळी, आत पाणी, एक टोक मधल्या खुंटीवरच्या खुणेला आणि दुसरं कडेच्या आठ ठिकाणी फिरवायचं. नळीत हवेचा बुडबुडा अडकला तर माप खोटं येतं, म्हणून दर वेळी आधी दोन्ही टोकं शेजारी धरून पाणी बरोबरीत आहे का ते बघायचं. हातभर लांबीच्या पाणसळीवर आणि मोबाइलमधल्या ॲपवर भिस्त ठेवू नका. ३० सेंटिमीटरच्या पाणसळीवर एक मिलिमीटर चुकला तर साडेचार मीटरांत तो दीड सेंटिमीटर होतो. या टोकापासून त्या टोकापर्यंत अडीच सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक चालणार नाही. मी तर एक सेंटिमीटरच्या आत आणल्याशिवाय फावडं खाली ठेवू नये या मताचा आहे. मधले उंचवटे काढायला ॲल्युमिनियमची सरळ पट्टी मध्यापासून कडेपर्यंत ठेवून घड्याळाच्या काट्यासारखी फिरवा. जिथे अडते तिथे खरवडा, जिथे उजेड दिसतो तिथे खूण करा. खणताना दगड किंवा मूळ निघालं तर उरलेला खड्डा भरावा लागतोच. तेवढीच भर घालायची, तीही ओलसर करून, पातळ थर देऊन, प्रत्येक थर धुम्मसने चोपून.

वाळूवर सगळा भार टाकणं

वाळू हे पांघरूण आहे, पाया नाही. चाळलेली बारीक वाळू दोन ते पाच सेंटिमीटर पसरायची, तीही फक्त लायनरला खडे टोचू नयेत म्हणून. पंधरा सेंटिमीटर वाळू ओतून उतार झाकणाऱ्याला पूलच्या आत गेल्यावर प्रत्येक पाऊल खचलेलं जाणवतं, आणि पावसाचं पाणी खालून वाहिलं की वाळू त्याच्याबरोबर जाते. ओल्या जागी वाळूपेक्षा दगडाची कच बरी. ती चोपली की बसते आणि हलत नाही, पण तिला धारदार कण असतात, म्हणून वर जिओटेक्स्टाइल (मातीत अंथरायचं जाड कृत्रिम) कापड किंवा २५ मिलिमीटरचे कडक फोम बोर्ड हवेतच. बोर्डांचे सांधे टेपने चिकटवा, नाहीतर लायनर फटीत दबून रेघा उमटतात.

फ्रेमच्या पायाखाली काहीच न ठेवणं

फ्रेमचे पाय बारीक असतात आणि ओल्या मातीत खिळ्यासारखे उतरतात. प्रत्येक पायाखाली ४० बाय ४० सेंटिमीटरची, पाच सेंटिमीटर जाडीची काँक्रीटची लादी जमिनीत पुरा. लादीचा माथा आतल्या तयार जमिनीच्या बरोबरीत आला पाहिजे. नुसती वर ठेवलेली लादी पूलचा पाय पाच सेंटिमीटर उचलते आणि भिंतीच्या तळाशी ताण येतो. पत्र्याच्या भिंतीचा पूल असेल तर भिंतीच्या आतून तळाशी १५ ते २० सेंटिमीटर उंचीचा वाळूचा किंवा फोमचा तिरका कंगोरा लागतो, नाहीतर लायनर भिंतीखालून बाहेर ढकललं जातं.

गवत नुसतं कापून वर कापड अंथरणं

गवत कापलं, मेणकापड अंथरलं, झालं, असा समज आहे. खाली राहिलेलं गवत कुजतं, दुर्गंधी सुटते, तळ मऊ आणि लिबलिबीत होतो. ही झाली साधी बाजू. खरा वैरी लव्हाळा. त्याच्या जमिनीखालच्या गाठींतून निघणारा कोंब सुईसारखा टोकदार असतो आणि तो लायनरमधून आरपार वर येतो. वरचं मेणकापड तर त्याला मुळीच अडवत नाही. अशी भोकं नेमकी तळाला पडतात, जिथे भरलेल्या पूलमध्ये ती शोधणं कठीण असतं, आणि एक बुजवलं की शेजारी दुसरं निघतं.

वरचा हिरवा भाग खुरप्याने काढून लव्हाळा जात नाही, उलट गाठी तुटून फुटवे वाढतात. त्या साधारण एक वीतभर खोल आणि त्याहूनही खाली असतात. जागा लव्हाळ्याची असेल तर माती खणून, चाळून गाठी हाताने वेचा, खड्ड्याला पाणी द्या आणि दोन-तीन आठवडे थांबा. जे उगवेल ते पुन्हा मुळासकट काढा. घाईच्या माणसाला हे थांबणं जड जातं, पण थांबण्याला पर्याय नाही. तणनाशक वापरायचंच असेल तर लव्हाळ्यावर चालणारं घ्या, डब्यावरच्या सूचनेप्रमाणे दिवस मोजून जाऊ द्या आणि तेलावर आधारित औषध टाळा. त्याचा लायनरवर परिणाम होतो. कोंब अडवायला फोम बोर्ड कापडापेक्षा कितीतरी चांगला.

बाकीच्या

फरशीचं अंगण तयारच आहे असं समजू नका. पाणी निघून जावं म्हणून त्याला मुद्दाम उतार दिलेला असतो. एक टक्का उतार म्हणजे साडेचार मीटरांत साडेचार सेंटिमीटर.

सेप्टिक टाकी, तिचे शोषखड्डे, गाडलेल्या पाण्याच्या किंवा गॅसच्या नळ्या, विजेच्या केबल यांवर पूल नको. वरून वायर जात असेल तिथेही नको.

उंच बाजू खणली की त्या बाजूचं पावसाचं पाणी थेट पूलखाली येणार. वरच्या अंगाला अर्धवर्तुळाकार चर खणून ते वळवा, आणि पन्हळीचा पाइपही दूर न्या.

पंपासाठी एक्स्टेन्शन बोर्ड वापरू नका. अर्थिंग असलेला कायमचा प्लग आणि ३० मिलिॲम्पियरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा लगेच तोडणारा स्विच) वायरमनकडून बसवून घ्या. केबलचा चर पूल मांडण्याआधीच खणायचा.

कुंपण पूलसोबतच उभं राहिलं पाहिजे, नंतर नाही. किमान १.२ मीटर उंच, आपोआप बंद होणारं फाटक, आणि वापर नसताना शिडी काढून ठेवायची. कुंपणाचे खांब रोवायची जागा वर्तुळ आखतानाच धरून चला.

सलग पाणी सोडून झोपायला जाणं

मिनिटाला १५ लिटरच्या नळीने हा पूल भरायला एकोणीस-वीस तास लागतात, म्हणून लोक रात्री नळ सुरू करून निघून जातात. त्याऐवजी आधी फक्त अडीच सेंटिमीटर पाणी सोडा. साधारण ४०० लिटर, अर्धा तास. तळाच्या सुरकुत्या मध्यापासून कडेकडे अनवाणी सरकवून काढा. मग चार बाजूंना पाण्याची खोली मोजा. एका बाजूला तळ झाकला आणि दुसरीकडे कोरडा राहिला तर जमीन चुकली आहे. याच वेळी पाणी काढलं तर बादल्यांनीही निघतं आणि लायनर दोन माणसांना उचलता येतं. माप जुळलं तर अर्ध्या उंचीपर्यंत भरा, रात्रभर तसंच ठेवा, सकाळी कडेपासून पाण्यापर्यंतचं अंतर पुन्हा चार ठिकाणी मोजा आणि मगच उरलेलं पाणी सोडा.