जुनी ओबीएम (बोटीच्या मागं लावायची आउटबोर्ड मोटर) सुरू होईना? कार्बोरेटर खोलायच्या आधी हे बघून घ्या

२०१९ च्या पुरात आमच्या गल्लीतल्या पोरांनी बोट पाण्यात घातली, दोरी ओढली तशी मोटर झटक्यात सुरू झाली, सगळे खूश, आणि पाच-सात मिनिटांत भर पाण्यात बंद. परत ओढली, सुरू झाली, परत बंद. बोटीत आम्ही चौघं आणि चौघांचं एकच मत, कार्बोरेटरमध्ये कचरा आलाय. वल्ही मारत कसंबसं काठाला आलो तर कळलं काय, पेट्रोल टाकीच्या टोपणावरचा हवेचा स्क्रू बंद! टाकीतनं पेट्रोल जाणार तर तेवढी हवा आत नको का यायला? पाईपवरचा, हाताने दाबून पेट्रोल पुढं ढकलायचा रबरी फुगा चपटा होऊन पडला होता, तो एकदा हाताने चाचपला असता तरी कळलं असतं.

सांगलीत आयर्विन पुलाजवळ ४० फुटाला इशारा पातळी आणि ४५ ला धोका पातळी, आणि बोटीची आठवण आपल्याला ४० च्या पुढंच येते. वर्षभर मोटर गोठ्यात, वर पोतं टाकलेलं. म्हणून हे सगळं मे महिन्यात करून बघा. मी सांगतोय ते जुन्या टू-स्ट्रोक, कार्बोरेटरवाल्या आणि बाहेर वेगळी टाकी असणाऱ्या मोटरचं.

पहिलं काम पेट्रोल बघायचं, पाना हातात घ्यायचा नाही. लोणच्याची काचेची बरणी धुवून कोरडी करा, टाकीच्या तळातलं पेट्रोल त्यात काढा आणि पंधरा मिनिटं हलवू नका. खाली वेगळा थर दिसला तर पाणी आहे. आता पंपावर २० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल मिळतं, ते दमट हवेतला ओलावा धरतं आणि पाणी जास्त झालं की इथेनॉल आणि पाणी मिळून खाली बसतं. बेकार गोष्ट अशी की ऑइल वरच्या पेट्रोलमध्येच राहतं आणि मोटर ओढते तळातनं, म्हणजे सुरू झाली तरी बिनऑइलची चालणार. असलं पेट्रोल किंवा आंबूस, वार्निशसारखा वास मारणारं मागच्या वर्षीचं पेट्रोल सरळ काढून टाका, त्यात नवीन मिसळून भागवू नका.

ऑइलचं माप मोटरच्या पुस्तकात किंवा झाकणावर असतं. ५०:१ असेल तर लिटरला २० मिली, २५:१ असेल तर ४० मिली. ऑइल टीसी-डब्ल्यू३ लिहिलेलं आणा, जुन्या स्कूटरचं घरात पडलेलं टू-टी ओतू नका, ही पाण्याने थंड होणारी मोटर आहे.

मग फुगा. त्याच्यावरचा बाण मोटरकडं पाहिजे, बाणाचं टोक वर धरून दाबत राहा, थोड्या वेळात तो कडक झाला पाहिजे. कडकच होत नसेल तर एक तर पाईप कुठनं तरी हवा ओढतोय, किंवा फुग्यातला व्हॉल्व्ह गेलाय, किंवा कार्बोरेटरमधली पेट्रोल अडवणारी सुई बसत नाही आणि पेट्रोल ओव्हरफ्लो होऊन बाहेर येतंय. जुना रबर इथेनॉलनं फुगतो नाहीतर तडकतो, त्यामुळं पाईप वाकवून भेगा बघा, दोन्हीकडचे क्लॅम्प आणि जोडाच्या ओ-रिंग पण बघा. सगळा पाईप नवीन घातला तरी कार्बोरेटरपेक्षा स्वस्तात पडतो, मी तर संशय आला की बदलूनच टाकतो.

आता प्लग काढा. चार-पाच वेळा दोरी ओढूनही प्लग कोरडा, तर पेट्रोल पोचत नाही. ओला चिंब असेल तर पेट्रोल जास्त होतंय किंवा करंट नाही, आणि करंट नसला तर कार्बोरेटर कितीही धुवा काय उपयोग. करंट बघताना सांडलेलं पेट्रोल आधी पुसून घ्या, वाफ निघून जाऊ द्या आणि प्लग त्याच्या भोकापासनं लांब, बॉडीला टेकवून बघा. बिडीवाल्यांना तर अंगणातच थांबू देऊ नका.

मोटर सुरू होते पण दम धरत नाही, तेव्हा एक सोपी टेस्ट. बंद पडायला लागली की फुगा दाबा. दाबल्यावर उचल घेतली तर भानगड कार्बोरेटरच्या अलीकडं, म्हणजे पाईप, फिल्टर नाहीतर पेट्रोल पंपाचा पातळ पडदा. तो पडदा ताठ झाला किंवा टाचणीएवढं भोक पडलं तरी पंप मरतो, पडदा आणि गॅस्केट सोबतच बदला. फुगा दाबून फरक नाही पण थोडा चोक ओढला की बरी चालते, तर मात्र जेट, म्हणजे कार्बोरेटरमधलं पेट्रोलचं बारीक भोक, तुंबलंय. अशी मोटर चोकवर रेटत चालवू नका, टू-स्ट्रोकला ऑइल पेट्रोलमधनंच जातं, पेट्रोल कमी म्हणजे ऑइल कमी, पिस्टन धरला की संपलं.

इथपर्यंत आलात तर आता खोला. आधी मोबाईलवर चार बाजूंनी फोटो काढा आणि खाली ताट ठेवा, गवतात पडलेली फ्लोटची (पेट्रोलवर तरंगणाऱ्या भागाची) पिन परत मिळत नाही, अनुभव आहे. आमच्या मोटरच्या कार्बोरेटरच्या वाटीत तळाला काकवीसारखा चिकट, हिरवट थर होता. पेट्रोल उडून जातं, ऑइल तिथंच राहतं, त्याची ही काकवी. फ्लोट, सुई आणि रबरी वस्तू बाजूला काढून मगच क्लीनर स्प्रे मारा, नाहीतर रबर फुगतो. जेट काढून उजेडाकडं धरा, भोक गोल आणि स्वच्छ दिसलं पाहिजे. तार घालू नका! जेट पितळेचं असतं, भोक मोठं झालं की माप गेलं. मासे धरायच्या तंगूसचा तुकडा घालून फिरवा, मग हवा मारा, डोळ्यावर चष्मा लावून. सुईच्या टोकावर रिंगणासारखा खाच पडला असेल तर सुई नवीन टाका.

आयडलचा मिक्श्चर स्क्रू काढायच्या आधी आत फिरवून किती आटे बसतात ते मोजून लिहून ठेवा, माहितीच नसेल तर हलक्या हाताने पूर्ण आत आणि मग दीड आटा बाहेर, तिथनं पुढं कानाने. कार्बोरेटर उलटा धरल्यावर फ्लोट बॉडीला समांतर दिसला पाहिजे, बहुतेक मोटरना एवढं चालतं. गॅस्केट जुनंच परत लावू नका.

टेस्ट २०० लिटरच्या ड्रममध्ये, पंखा काढून, गिअर न्यूट्रल, आणि पंख्याच्या वरची आडवी पट्टी बुडेल एवढं पाणी. कोरडी चालवायची नाही, दहा सेकंद पण नाही, थंड करायचं पाणी ओढणारा आतला रबरी इंपेलर जळतो. मागनं पाण्याची धार येतेय का आधी ते बघा, आवाज नंतर ऐका.

ठेवताना ड्रममध्येच पेट्रोलचा पाईप काढून मोटर आपोआप बंद होईपर्यंत चालवा आणि वाटीचा खालचा स्क्रू सोडून उरलंसुरलं पेट्रोल काढून घ्या. आणि टोपणावरचा स्क्रू? ठेवताना बंद करायचा, नाहीतर ओलावा जातो. आमच्याकडं आता टोपणाला लाल रिबन बांधलीय, मोटर सुरू करणाऱ्याने ती सोडून स्वतःच्या मनगटाला बांधायची, मग दोरी ओढायची.