डिप्लॉयच्या आदल्या दिवशी काय काय तपासून ठेवावं

डिप्लॉय म्हणजे ॲपची नवी आवृत्ती चालू करणं, आणि बिघडलं तर जुन्या आवृत्तीवर परत जाणं म्हणजे रोलबॅक. कुबरनेटिसवर (मशीनच्या गटावर, म्हणजे क्लस्टरवर, ॲप चालवणारी यंत्रणा) हेल्म (तिथे ॲप बसवणारं साधन) वापरणाऱ्यांसाठी त्या परतीच्या रस्त्याची ही यादी. सगळ्यात आधी ‘हेल्म हिस्टरी’ चालवा आणि आज प्रॉडवर (ग्राहक वापरतात त्या खऱ्या सिस्टिमवर) कितवी रिव्हिजन (हेल्मनं नोंदवलेली आवृत्ती) चालू आहे तो आकडा चेंज तिकिटात (बदलाच्या नोंदीत) लिहा. रात्री पावणेबाराला काही बिघडलं की ‘शेवटची चांगली कुठली होती, ४१ की ४२?’ असं दोघं एकमेकांना विचारत बसतात आणि त्यातच पाच मिनिटं जातात. मागची रिव्हिजन चांगलीच असेल असंही नसतं, ४२ हा कदाचित अर्ध्यावर फसलेला प्रयत्न असतो. त्यात हेल्म ४१ वर परत गेलं की त्याची नवी रिव्हिजन बनते, ४४ वगैरे. घाईत यादी वाचणाऱ्याचा इथे हमखास गोंधळ होतो. आणखी एक, हेल्म मुळात शेवटच्या १० रिव्हिजनच जपतं. कुबरनेटिसमधलं डिप्लॉयमेंटही (ॲपचे पॉड, म्हणजे चालू प्रती, सांभाळणारा भाग) जुने रेप्लिकासेट (आधीच्या आवृत्त्यांच्या नोंदी) १० पर्यंतच ठेवतं. दिवसाला चार डिप्लॉय करणाऱ्या टीमचा इतिहास तीन दिवसांत पुसला जातो, तेव्हा ही मर्यादा तुमच्या वेगाला पुरते का ते बघा.

त्या जुन्या रिव्हिजनची इमेज (ॲपचं तयार पॅकेज) रजिस्ट्रीत (इमेजच्या कोठारात) अजून आहे का, हे स्वतः पुल करून (उतरवून) बघा. बिल कमी ठेवायला जुन्या इमेज आपोआप काढायचा नियम कुणीतरी केव्हातरी लावलेला असतो, आणि तो नियम कुणाच्या लक्षात नसतो. नोडवर (क्लस्टरमधल्या मशीनवर) जुनी इमेज साठलेली असते तोवर सगळं सुरळीत दिसतं. नवा नोड आला, त्यानं इमेज मागितली आणि ‘इमेजपुलबॅकऑफ’ (इमेज मिळत नाही) आलं, की रोलबॅक तिथेच संपला. टॅगचंही (इमेजला दिलेल्या नावाचंही) तसंच. ‘लेटेस्ट’ टॅगवर चालणाऱ्या ॲपला मागे जाण्यासारखं काही उरतच नाही, कारण जुन्या रिव्हिजनमध्येही ‘लेटेस्ट’च लिहिलेलं असतं आणि परत गेल्यावर पुन्हा तीच नवी इमेज येते. टॅगऐवजी डायजेस्ट (इमेजच्या मजकुरावरून निघणारा ठसा) लिहायची सवय लावा. शा-२५६ चा तो लांबलचक आकडा वाचायला त्रास होतो खरा, पण त्यामागची इमेज कुणालाच बदलता येत नाही.

कॉन्फिगकडे वळा. ‘क्यूबसीटीएल रोलआउट अंडू’ ही कुबरनेटिसची आज्ञा फक्त पॉडचा साचा मागे नेतं. कॉन्फिगमॅप आणि सीक्रेट (सेटिंग आणि पासवर्ड ठेवायच्या जागा) आहेत तिथेच राहतात. म्हणजे जुना कोड नव्या सेटिंगवर उभा राहतो, आणि ही जोडी कुणी कधी तपासलेली नसते. हेल्मनं मागे गेलात तर चार्टमधला (हेल्मच्या पॅकेजमधला) कॉन्फिगमॅप परत येतो, पण एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल म्हणून वाचलेली मूल्यं चालू पॉडला तोवर कळत नाहीत जोवर तो रीस्टार्ट होत नाही. त्यासाठी कॉन्फिगचा चेकसम (मजकूर बदलला की बदलणारा आकडा) पॉडच्या ॲनोटेशनमध्ये (पॉडला जोडलेल्या टिपणात) घालून ठेवतात, तुमच्या चार्टमध्ये तो आहे का बघा. मधल्या काळात कुणी थेट क्लस्टरवर हातानं बदल केलेत का, तेही आदल्या दिवशीच शोधा. ‘हेल्म डिफ’ (फरक दाखवणारं) प्लगइन ‘थ्री-वे-मर्ज’ देऊन चालवा, नाहीतर ते क्लस्टरवरचे हातचे बदल दाखवत नाही; आलेली प्रत्येक ओळ वाचा, ज्या ओळीचं कारण सांगता येत नाही तिथे थांबा. तुमच्याकडे आर्गो सीडी (गिटमध्ये लिहिलंय तसाच क्लस्टर ठेवणारं साधन) असेल आणि ऑटो-सिंक चालू असेल, तर परतीचा रस्ता गिटमधून जातो: रिव्हर्ट कमिट, त्याला मंजुरी, मग सिंक. ही मंजुरी रात्री कोण देणार, त्याचं नाव लिहून ठेवा.

आता डेटाबेस. आदल्या दिवसाचा अर्ध्याहून जास्त वेळ मी इथे देते.

काही वर्षांपूर्वी ज्या टीममध्ये होते तिथली ही गोष्ट. ग्राहकांच्या टेबलात मोबाइल क्रमांकाचा एक कॉलम होता, त्याचं नाव आम्ही बदललं. कोड बरोबर होता, मायग्रेशन (डेटाबेसची रचना बदलणारी स्क्रिप्ट) बरोबर होतं, स्टेजिंगवर (चाचणीच्या सिस्टिमवर) दोन आठवडे चाललेलं होतं. रात्री ११:२० ला प्रॉडवर गेलं. ११:४० च्या सुमारास भलत्याच कारणानं पेमेंटच्या पानावर एरर वाढायला लागले. आम्ही ठरल्याप्रमाणे रोलबॅक केला, मिनिटाच्या आत जुने पॉड उभे राहिले, आणि पहिल्याच रिक्वेस्टला लॉगमध्ये ओळ आली की या नावाचा कॉलमच नाही. तोपर्यंत फक्त पेमेंट अडलं होतं, आता लॉगिनही बंद पडलं. जुना कोड जुनं नाव मागत होता आणि डेटाबेस पुढे निघून गेला होता. शेजारी बसलेल्या सहकाऱ्यानं हातानं कॉलमचं नाव परत फिरवलं. एंटर दाबण्याआधी त्याचं बोट क्षणभर कीबोर्डवर थांबलं होतं, ते मला अजून दिसतं.

त्यानंतर मी एकच प्रश्न धरून बसते: आजचा जुना कोड उद्याच्या नव्या स्कीमावर (डेटाबेसच्या रचनेवर) चालतो का? स्टेजिंगवर आधी फक्त मायग्रेशन चालवा, कोड जुनाच ठेवा, आणि सगळ्या टेस्ट घ्या. चाललं तरच रोलबॅक आहे असं समजा. नाव बदलायचं असेल तर ते तीन रिलीजमध्ये करायचं. पहिल्यात नवा कॉलम वाढवा आणि दोन्हीकडे लिहा. दुसऱ्यात जुना डेटा भरून घ्या आणि वाचन नव्याकडे वळवा. जुना कॉलम काढायचा तो तिसऱ्यात, तोही काही आठवड्यांनी. मॅनेजरला हे लांबण लावल्यासारखं वाटतं. त्यांना वरच्यासारखी एखादी रात्र सांगा, पटतं. मायग्रेशन हेल्मच्या प्री-अपग्रेड हूकमधून (अपग्रेडआधी आपोआप चालणाऱ्या कामातून) चालत असेल तर हेही ध्यानात घ्या की ‘हेल्म रोलबॅक’ त्या हूकनं डेटाबेसमध्ये केलेलं काहीही मागे घेत नाही.

तुमचा डेटाबेस पोस्टग्रेस असेल तर लॉक बघा. ‘ऑल्टर टेबल’चे (टेबलाची रचना बदलणाऱ्या आज्ञेचे) बरेचसे प्रकार टेबलावर सगळ्यात कडक लॉक मागतात. एखादा लांबलेला रिपोर्ट त्या टेबलावर चालू असला की ऑल्टर त्याच्यामागे रांगेत उभं राहतं आणि साध्या सिलेक्टसुद्धा (नुसत्या वाचायच्या क्वेरी) ऑल्टरच्या मागे तुंबतात. मायग्रेशनच्या सुरुवातीला ‘लॉक टाइमआउट’ काही सेकंदांचा ठेवा, म्हणजे जमलं नाही तर ते गुपचूप बाजूला होईल. इंडेक्स ‘कन्करंटली’ (टेबलावरचं लिखाण न अडवता) बनवा, आणि ते ट्रान्झॅक्शनच्या आत चालत नाही, म्हणून त्याची फाइल वेगळी ठेवा.

बॅकअप आहे, एवढ्यावर समाधान मानू नका. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅबमध्ये (कोड साठवणारी सेवा) एका अभियंत्याकडून चुकीच्या सर्व्हरवरची डेटाबेसची डिरेक्टरी पुसली गेली, जवळपास ३०० जीबी. तेव्हा लक्षात आलं की रोजचा डंप (डेटाबेसची प्रत) बरेच दिवस होतच नव्हता, कारण डंप घेणाऱ्या प्रोग्रामची आवृत्ती आणि डेटाबेसची आवृत्ती जुळत नव्हती. सुमारे सहा तासांपूर्वी सहज घेतलेल्या एका स्नॅपशॉटवर त्यांना परत उभं राहावं लागलं. हे सगळं त्यांनी स्वतः जाहीरपणे लिहिलं, म्हणून आपल्याला शिकता येतं. तेव्हा आदल्या दिवशी बॅकअप दुसऱ्या मशीनवर रिस्टोअर करा, किती वेळ लागतो ते घड्याळ लावून बघा आणि तो आकडा तिकिटात घाला. रिस्टोअरला दोन तास लागत असतील तर तीस मिनिटांच्या चेंज विंडोत (बदलासाठी ठरलेल्या वेळेत) तो पर्याय धरताच येत नाही.

क्यू (कामांची रांग) आणि कॅशे (तात्पुरता साठा) बऱ्याचदा यादीतून सुटतात. नव्या कोडनं वीस मिनिटांत क्यूमध्ये टाकलेले मेसेज जुन्या कोडला वाचता येतील का? कॅशेच्या कीमध्ये आवृत्ती घातलीय का? जुने फीचर फ्लॅग (कोडचा एखादा भाग चालू-बंद करणाऱ्या खुणा) नव्या अर्थानं वापरू नका, हे तर भिंतीवर लावावं. न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात १ ऑगस्ट २०१२ ला नाइट कॅपिटल या दलाली कंपनीच्या आठ सर्व्हरपैकी सातवरच नवा कोड गेलेला होता, आठव्यावर टाकायचा राहून गेला होता. वर्षानुवर्षं न वापरलेल्या कोडचा जुना फ्लॅग नव्या कामाला जोडला होता, त्यामुळे आठव्या सर्व्हरवर तो मेलेला कोड जागा झाला. घाबरून त्यांनी उरलेल्या सातांवरचा नवा कोड काढला, आणि मग आठही सर्व्हर तेच करायला लागले. पाऊण तासात ४४ कोटी डॉलरहून जास्त नुकसान. काय बिघडलंय हे कळण्याआधी मागे पळालं की असं होतं.

रोलआउटचे आकडे एकदा नजरेखालून घाला. चार पॉड असतील तर मूळ २५ टक्क्यांच्या हिशेबानं एक जास्तीचा उभा राहतो आणि एक खाली जाऊ शकतो. उरलेल्या तीन पॉडवर ॲप चालेल का? रेडिनेस प्रोब (पॉड तयार आहे का ते विचारणारी तपासणी) खरोखर डेटाबेसपर्यंत जाऊन येते की नुसती ‘ओके’ म्हणते? बंद होताना पॉडला मूळ ३० सेकंद मिळतात, तुमची सगळ्यात लांब रिक्वेस्ट त्यात संपते का? ६०० सेकंदांत रोलआउट पुढे सरकला नाही तर कुबरनेटिस तसं नोंदवतं, आपण होऊन मागे नेत नाही. ते काम हेल्म ३ मध्ये ‘अटॉमिक’ देऊन करून घेता येतं, पण त्याचा मूळ टाइमआउट पाच मिनिटांचा आहे आणि जावाचं जड ॲप तेवढ्यात सगळे पॉड फिरवू शकत नसेल तर चांगला रिलीजही मागे ओढला जाईल. आणि हे लॅपटॉपवरून चालवू नका. मध्येच व्हीपीएन गेलं की रिलीज ‘पेंडिंग-अपग्रेड’मध्ये अडकतो आणि पुढची प्रत्येक आज्ञा ‘दुसरं काम चालू आहे’ म्हणून परत येते. पाइपलाइनमधूनच चालवा.

क्लस्टरचा अपग्रेड ॲपच्या डिप्लॉयच्या रात्री कधीच धरू नका. त्याला परतीचा रस्ता आहे असं गृहीत धरणं धोक्याचं आहे. १४ मार्च २०२३ ला रेडिटनं एक क्लस्टर कुबरनेटिस १.२३ वरून १.२४ वर नेला आणि साइट ३१४ मिनिटं बंद राहिली. नोडवरचं ‘मास्टर’ हे लेबल १.२४ मध्ये निघालं, फक्त ‘कंट्रोल-प्लेन’ उरलं, आणि नेटवर्क सांभाळणाऱ्या कॅलिकोची मांडणी जुन्या लेबलावर टेकलेली होती. मागच्या आवृत्तीवर नेण्याची सोय नसल्यानं बॅकअपमधून क्लस्टर उभा करावा लागला. एका वेळी एकच मायनर आवृत्ती चढा आणि काढून टाकलेल्या एपीआयची (कुबरनेटिसला काय हवं ते सांगायच्या ठरलेल्या प्रकारांची) यादी आधी वाचा: १.२२ मध्ये इन्ग्रेसची (बाहेरची रहदारी ॲपकडे नेणाऱ्या भागाची) बीटा गेली, १.२५ मध्ये पॉड सिक्युरिटी पॉलिसी. याचा एक आडवा फटका हेल्मला बसतो. साठवलेल्या जुन्या रिव्हिजनमध्ये तीच गेलेली एपीआय लिहिलेली असते, त्यामुळे क्लस्टर चढल्यावर ॲपचा रोलबॅकही अडतो. म्हणून आधी चार्ट नव्या एपीआयवर आणा, चार दिवस चालू द्या, मग क्लस्टरला हात लावा. पॉड डिसरप्शन बजेटमध्ये (कमीत कमी किती पॉड चालू राहिले पाहिजेत या नियमात) किमान पॉड आणि एकूण पॉड सारखेच असतील तर नोड रिकामाच होत नाही, तेही बघून घ्या.

माणसांचं फार लांबवत नाही. एकानं टाइप करावं, दुसऱ्यानं डॅशबोर्ड बघावा, तिसऱ्यानं सपोर्टशी बोलावं. परत फिरायचा निर्णय कुणाचा, त्याचं एकच नाव. कधी फिरायचं ते आकड्यात आधीच ठरवा: सलग पाच मिनिटं एरर २ टक्क्यांच्या वर, किंवा पेमेंटचा वेळ नेहमीच्या दुप्पट. रात्री थकलेलं डोकं ‘अजून दोन मिनिटं बघू’ म्हणतच राहतं. अमेरिकेतल्या क्लायंटची शुक्रवार रात्रीची विंडो आपल्याकडे शनिवारी सकाळी उजाडते, तेव्हा त्या सकाळी डेटाबेसवाला माणूस गावी जाणार नाही ना, हे आजच विचारा. दिवाळीचा आठवडा आणि पगाराचे दिवस मोकळे सोडा.

डिप्लॉय नीट पार पडला की दुसऱ्या दिवशी तिकिटात खऱ्या वेळा भरा: मायग्रेशनला किती लागला, शेवटचा पॉड केव्हा तयार झाला. जुना कॉलम काढायचं तिकीट त्याच दिवशी उघडा, त्यावर तारीख घाला, नाव घाला, आणि ती तारीख येईपर्यंत कॉलम तसाच राहू द्या.