हबमध्ये जाम झालेला एक्सल घरी काढताना

पुढच्या चाकांना ताकद जाणाऱ्या गाडीचा ड्राईव्ह शाफ्ट (म्हणजेच एक्सल, गिअरबॉक्सकडून चाकाला ताकद नेणारा दांडा) घरी बदलायला घेतला की काम अडतं ते बहुतेक वेळा एकाच ठिकाणी. गिअरबॉक्सकडचं टोक पहारीने बेतानं उचकटलं की सुटतं. चाकाकडचं टोक हबमधून, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या भागातून, हलायचं नाव घेत नाही. नट काढलेला, बॉल जॉइंट (चाकाची जोडणी खालच्या दांड्याला धरणारा गोलाकार सांधा) सुटा केलेला, आणि शाफ्ट मात्र हबशी एकजीव. नवखा माणूस इथे मोठा हातोडा शोधायला उठतो. त्याआधी एक गोष्ट ठरवून घ्या: या कामातून काय वाचवायचं आहे?

शाफ्ट भंगारातच जाणार असेल तर त्याच्या टोकाच्या आट्यांचं काय होतं याची फिकीर नको. पण फक्त शाफ्टच्या सांध्यावरचा फाटलेला रबरी बूट (आवरण) बदलून तोच शाफ्ट परत बसवायचा असेल तर आटे जपावेच लागतात. आणि दोन्ही बाबतींत तिसरी वस्तू मधे बसलेली असते, जिच्याकडे कुणी बघत नाही: चाकाचं बेअरिंग. तेही बदलायचंच असेल तर सगळा नकल (हब आणि बेअरिंग ज्यात बसतात तो जाड लोखंडी भाग) गाडीवरून उतरवून प्रेस असलेल्या वर्कशॉपमध्ये न्यावा, तासन्‌तास झटत बसू नये.

शाफ्ट अडकतो तो स्प्लाईनमध्ये. त्याच्या टोकावर लांबीच्या दिशेने कोरलेल्या बारीक खाचा हबमधल्या तशाच खाचांत घट्ट बसतात. मधे जी नावापुरती फट असते तिथे पाणी शिरतं, रस्त्यावर मीठ टाकत असतील तर खारट पाणी. गंज मूळ लोखंडापेक्षा निदान दुप्पट जागा घेतो, त्यामुळे तो त्या फटीत पाचरीसारखा फुगून बसतो.

आता शाफ्टच्या टोकावरचा नट. लहान गाडीतही हा नट बहुधा 200 न्यूटन-मीटरच्या आसपास किंवा त्याहून जास्त आवळलेला असतो. चाकाचे नट साधारण 100 ते 120 ला असतात, यावरून अंदाज यावा. म्हणून गाडी जमिनीवर, हँडब्रेक ओढलेला, चाकांना ठोकळ्यांचा अडसर लावलेला, अशा स्थितीतच तो ढिला करायचा. जॅकवर चढवलेल्या गाडीवर एवढा जोर लावणं म्हणजे अपघाताला आमंत्रण. मीटरभर लांबीच्या दांड्यावर 30 किलोचा भार टाकला तरी जवळपास 300 न्यूटन-मीटर होतात, तेव्हा दांडा लांब घ्या आणि हिसके न देता अंगाचं वजन टाका. सॉकेट मात्र सहा बाजूंचा, जाड भिंतीचा हवा. पाना घसरला की बोटं सोलतात ती इथेच.

पान्याआधी नटाकडे नीट बघा. बऱ्याच नटांची पातळ कॉलर शाफ्टवरच्या खाचेत ठोकून दाबलेली असते. बारीक छिन्नीने ती बाहेर उचलून मगच नट फिरवायचा. तशीच फिरवली तर ती आटे खरवडत येते. काहींना कॉटर पिन (नट फिरू नये म्हणून आरपार घातलेली दुमडलेली तार) असते, ती काढायची.

नट निघाला की शाफ्ट आणि हबच्या सांध्यात पेनिट्रेटिंग ऑइल (गंजलेल्या फटीत झिरपणारं पातळ तेल) मारायचं. शक्य असेल तर आदल्या संध्याकाळी मारावं, मधून मधून पुन्हा द्यावं. हे तेल ताकदीने नाही, वेळेने काम करतं, त्यामुळे फवारा मारून लगेच ठोकायला लागण्यात अर्थ नाही. ब्रेकच्या डिस्कवर उडालं तर ब्रेक क्लीनरने पुसून काढा. नट नसताना गाडी ढकलू नका, अगदी थोडीसुद्धा. पुष्कळ गाड्यांत बेअरिंगच्या आतल्या कड्या त्या नटाच्या दाबानेच एकत्र राहतात.

दुसऱ्या दिवशी गाडी उचला, स्टँडवर ठेवा, चाक काढा. नट दोन-चार आटे परत चढवून त्याचा माथा शाफ्टच्या टोकाबरोबर आणा आणि पितळी ड्रिफ्ट (मधे धरून ठोकायचा दांडा) ठेवून एक-दोन ठोके द्या. हलला तर उत्तम. नाही हलला तर थांबा. शाफ्टवर घातलेला ठोका हबमधून बेअरिंगच्या गोळ्यांवर जातो आणि तिथून नकलवर. शाफ्ट न हलता सगळा मार गोळ्या खातात. कड्यांवर बारीक खळगे पडतात आणि नंतर चाक घुमघुमायला लागतं. मग दोष नव्या शाफ्टच्या माथी येतो.

माझ्या मते नवख्यानं हातोड्यापेक्षा हब पुलर आधी मिळवावा, भाड्याने का होईना. त्याचे पाय चाकाच्या स्टडवर (चाक ज्यांवर बसतं त्या बोल्टांवर) नटांनी आवळतात आणि मधला स्क्रू शाफ्टच्या टोकाला ढकलतो. गंमत इथे आहे: हब पकडलाय, शाफ्ट ढकलतोय, म्हणजे सगळा जोर हब आणि शाफ्ट या दोघांतच फिरतो. बेअरिंगच्या वाट्याला काही येत नाही. स्क्रूच्या आट्यांना ग्रीस लावा, टोक शाफ्टच्या मधल्या खळीत नेमकं बसवा, आवळा आणि ताण तसाच ठेवून दूर व्हा. थोड्या वेळाने पुन्हा पाव फेरी. या ताणाखाली असताना स्क्रूच्या डोक्यावर दिलेला हलका ठोका मघाच्या मोठ्या घावाहून जास्त काम करतो (पुलर हायड्रॉलिक असेल तर त्याच्या दट्ट्यावर ठोकू नये). सुटताना बहुधा कडाड असा आवाज होतो, म्हणून डोळ्यांवर चष्मा हवा आणि तोंड स्क्रूच्या रेषेत नको.

गॅसची ज्योत हा शेवटचा उपाय, आणि बेअरिंग वाचवायचं असेल तर तोही नाही. जवळच सील, ग्रीस, रबरी बूट आणि एबीएसचा (ब्रेक लावताना चाक अडकू न देणाऱ्या यंत्रणेचा) सेन्सर असतो; वर मारलेलं तेल पेट घेतं ते वेगळंच.

एक चूक अनेकांच्या हातून होते: आतून शाफ्ट धरून बाहेर ओढायचा. त्याने हब सुटत नाही, गिअरबॉक्सकडचा सांधा बुटाच्या आत निखळतो. तसंच, बाहेरचं टोक सुटल्यावर शाफ्ट लोंबकळत ठेवू नका, तारेने बांधा. ब्रेकचा कॅलिपरही तारेनेच टांगायचा, होजवर नाही. शाफ्ट गिअरबॉक्समधून काढताना तेल येतं, खाली भांडं ठेवा आणि परत बसवताना सीलच्या ओठाला स्प्लाईन घासू देऊ नका.

बसवण्याआधी हबमधल्या खाचा तारेच्या ब्रशने घासून कोरड्या करा. स्प्लाईनवर अँटी-सीझचा (गंजून चिकटू न देणाऱ्या लेपाचा) पातळ हात पुरे. जाड थर सेन्सरच्या बाजूला पसरतो. आट्यांना मात्र तो लावू नका, टॉर्कचं गणित चुकतं. नट नवाच घ्या. गाडी उचललेली असतानाच कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगून तो चांगला आवळा, चाक जमिनीला टेकल्यावर टॉर्क रेंचने गाडीच्या मॅन्युअलमधल्या आकड्यापर्यंत न्या, आणि मग त्याची कॉलर शाफ्टच्या खाचेत ठोकून दाबा.