मेळघाटसारख्या जंगलाचं बायोमास काढायचंय? आधी टेप, मग सॅटेलाइट

बरेच जण थेट सॅटेलाइट इमेज डाउनलोड करून सुरुवात करतात, आणि मला वाटतं चूक तिथेच होते. बायोमास म्हणजे झाडांचं कोरडं वजन, आणि इमेजला ते दिसत नाही हो, ते आपल्याला जमिनीवरून मोजून द्यावं लागतं.

आधी वनविभागाची परवानगी घ्या, मग 0.1 हेक्टरचे प्लॉट (मोजणीसाठी निवडलेले जंगलाचे तुकडे) टाका, म्हणजे 31.62 मीटर बाजूचा चौकोन. नुसते रस्त्याकडेचे सोपे प्लॉट नकोत, दाट साग, विरळ सालई, नाल्याकाठचं, डोंगरउतारावरचं असं सगळं आलं पाहिजे. उतारावर टेप आडवी, लेव्हलमध्ये धरा, कारण 30 अंशांच्या उतारावर टेप जमिनीलगत टाकली तर प्लॉटची ती बाजू 31.62 ऐवजी 27.4 मीटरच भरते.

झाडाची गोलाई जमिनीपासून 1.37 मीटरवर घ्या. आता एक साग बघू. गोलाई 94 सेंमी, म्हणजे 3.14 ने भागून व्यास साधारण 30 सेंमी, उंची 16 मीटर, लाकडाची घनता 0.57 ग्रॅम प्रति घन सेंमी धरली. झाडाच्या मापांवरून किलोमध्ये वजन काढायचं शाव्ह आणि सहकाऱ्यांचं 2014 चं समीकरण आहे: 0.0673 गुणिले (घनता × व्यासाचा वर्ग × उंची) चा 0.976 वा घात. उत्तर येतं जवळपास 440 किलो. व्यासाच्या कॉलममध्ये चुकून गोलाई टाकली तर हेच उत्तर नऊपट होतं, म्हणून शीट दोघांनी तपासा, प्लीज. बांबूला हे समीकरण चालत नाही, त्याचा हिशोब वेगळा. प्लॉटमधल्या सगळ्या झाडांची बेरीज करा, दहाने गुणा, हजाराने भागा, की हेक्टरी टन मिळाले.

आता सेंटिनेल-2 (सॅटेलाइट इमेज), एल-बँड रडार (लांब तरंगलांबीचा, झाडांच्या आत शिरणारा), जमिनीची उंची आणि उतार हे सगळं घेऊन त्यावरून प्लॉटचे हेक्टरी टन सांगणारं मॉडेल बसवा, साधं रिग्रेशन किंवा रँडम फॉरेस्ट (अनेक निर्णय-वृक्षांची सरासरी घेणारी पद्धत), काहीही चालेल. साग पानगळीचा आहे, त्यामुळे एप्रिलची आणि ऑक्टोबरची इमेज म्हणजे दोन वेगळी जंगलं वाटतात, सीझन ठरवूनच इमेज घ्या.

खरी गंमत पुढे आहे. प्लॉटवर मोजलेल्यातून मॉडेलने सांगितलेलं वजा केलं की उरतो तो रेसिड्युअल, त्याचा व्हेरिओग्राम काढा, म्हणजे प्लॉटांमधलं अंतर वाढतं तसा त्यांच्या रेसिड्युअलमधला फरक किती वाढतो याचा आलेख. आर (R) या सॉफ्टवेअरमध्ये त्यासाठी जीस्टॅट पॅकेज आहे, आधी डेटा यूटीएम झोन 43 मध्ये, म्हणजे मीटरमधल्या नकाशा-पद्धतीत न्या, कारण अंशांमध्ये अंतर मोजून काही अर्थ नाही. जवळचे प्लॉट एकमेकांसारखे चुकतात, लांबचे तसे नाही, आणि ज्या अंतरानंतर हा सारखेपणा संपतो ती रेंज. आलेखाचा वक्र शून्याच्या बराच वर सुरू होत असेल तर तो नगेट, म्हणजे मोजमापातली चूक किंवा प्लॉटांमधल्या अंतराहून बारीक पातळीवरचा बदल. आलेख सपाटच असेल तर क्रिगिंगचा (जवळच्या प्लॉटांवरून मधल्या जागांचा अंदाज काढायचा) हट्ट सोडा, नाहीतर रेसिड्युअलचं क्रिगिंग करून ते मॉडेलच्या नकाशात मिळवा.

मॉडेल तपासताना ट्रेनिंगचे (मॉडेलला शिकवायचे) आणि तपासणीचे प्लॉट रँडम वाटू नका. शेजारचा प्लॉट ट्रेनिंगमध्ये असला की रिझल्ट उगाच छान दिसतो, म्हणून रेंजपेक्षा मोठे ब्लॉक करून अख्खा ब्लॉक बाजूला ठेवा.

एकूण टनांची एरर काढताना पिक्सेलच्या एरर स्वतंत्र धरून जोडायच्या नाहीत, त्या एकमेकींशी जोडलेल्या असतात आणि तसं केलं तर एकूण एरर खोटी कमी दिसते. पाचशे-हजार सिम्युलेशन चालवा, म्हणजे हा जोड सांभाळून तितके शक्य नकाशे तयार करा, प्रत्येकाची बेरीज घ्या, त्यांचा पसारा हीच तुमची एरर. आणि एररचा नकाशा बीट गार्डसोबत (त्या भागाच्या वनरक्षकासोबत) बसून बघा, जिथे रंग गडद, म्हणजे एरर जास्त, तिथे पुढच्या सीझनला प्लॉट टाकायचे.