बेसबॉल टीमची फार्म सिस्टीम खरंच पोरं घडवते का, हे कसं ओळखायचं

आपल्या लातूरात क्लासवाले चौकाचौकात टॉपरचे फोटो लावतेत, पण हुशार बाप विचारतो की पोरगं आलं तेव्हा दहावीला किती मार्क घेऊन आलं होतं, ९८ टक्केवालाच उचलला आन तो डॉक्टर झाला तर तुम्ही काय केलं राव? फार्म सिस्टीम, म्हणजे मोठ्या टीमच्या हाताखाली पोरं तयार करणाऱ्या छोट्या टीम, बघतानी हाच प्रश्न घेऊन बसा. (फार्म म्हणलं की घरच्यांना वाटतं मी सोयाबीनचं बघायलोय, असो.)

आधी शिडी समजून घ्या. मेजर लीग म्हणजे अमेरिका-कॅनडातली सगळ्यात वरची बेसबॉल लीग, तिच्यात ३० टीम, अन् प्रत्येकीच्या हाताखाली खालून वर सिंगल-ए, हाय-ए, डबल-ए, ट्रिपल-ए अशा चार टीम, त्याच्याबी खाली एकदम नवख्या पोरांच्या लीग.

होतकरू पोरांच्या टॉप १०० वाल्या याद्या बघा पण त्या म्हणजे येतानीचे मार्क. खरं बघायचं ते असं, की टीमचा पाच-सात वर्षांपूर्वीचा ड्राफ्ट (टीमा आळीपाळीनं नवी पोरं निवडतेत ते) काढा, पहिल्या राउंडची, म्हणजे ९८ टक्केवाली, पोरं सरळ खोडा आन उरलेल्यातली किती वर पोचली ते मोजा, परदेशातून स्वस्तात घेतलेलीबी धरा. ट्रेड होऊन, म्हणजे अदलाबदलीत दुसऱ्या टीमला जाऊन, चमकलेला असंल तरी घडवलं कुणी, तेबी बघा. ह्यूस्टन अ‍ॅस्ट्रोजचंच घ्या, २०१३ च्या ड्राफ्टात सगळ्यात पहिला नंबर मार्क अपेलवर लावला, तो मेजर लीगमधे खेळला थेट २०२२ ला अन् तेबी फिलाडेल्फियाकडून, आन त्याच अ‍ॅस्ट्रोजनी होसे अल्टुव्हेला २००७ ला फक्त १५ हजार डॉलरमधे घेतलं होतं, साडेपाच फुटाचं पोरगं, ते २०१७ ला एमव्हीपी, म्हणजे हंगामातला सगळ्यात भारी खेळाडू! म्हणून एका पोरावरून टीमला शिव्याबी घालू नका आन डोक्यावरबी घेऊ नका.

आकडे बघतानी आधी वय. २४ वर्षाचा गडी सिंगल-ए मधे धुवायला असंल तर ते नववीच्या पोरानं पाचवीचा पेपर सोडवल्यासारखं झालं, पण २० वर्षाचं पोरगं डबल-ए मधे नुसतं टिकून असलं तरी लक्ष ठेवा, कारण खरी चाळणी तिथंच लागते. होमरनवर (आपल्या सिक्सरवानी) भाळू नका, बॅटरचे स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद) कमी आन वॉक (चार वाइड बॉलवर फुकट पहिला बेस) जास्त व्हायलेत का ते दरवर्षी ताडून बघा. ट्रिपल-ए मधल्या रीनो, अल्बुकर्कीसारख्या उंचावरच्या गावात हवा विरळ, बॉल लांब जातो, तिथले आकडे जरा कापूनच धरा.

कुणीतरी म्हणंलच, रिंकू सिंगचं काय? (क्रिकेटवाला न्हाई, हा दुसरा.) उत्तर प्रदेशचं भाला फेकणारं पोरगं, २००८ ला पिट्सबर्ग पायरेट्स टीमनी घेतलं, त्याच्या वर्षभर आधी बेसबॉल कशाशी खातेत तेबी माहीत नव्हतं, आन ते सिंगल-ए पर्यंत गेलं. मेजर लीग हुकली ते खरं, पण माझ्या हिशोबात पायरेट्सच्या कोचना त्याचे मार्क द्यायलाच लागतेत.