कुकरच्या शिट्ट्या मोजू नका, गॅस वाचेल

वरण-भाताला मोठ्या आचेवर पाच-सहा शिट्ट्या काढल्या की गॅस नुसता वाया जातो, शिट्टीतून वाफ जाते ती वेगळीच. 14.2 किलोचा एक सिलेंडर जळला की साधारण 42 किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, म्हणून हे मनावर घ्याच.

1. तूरडाळ धुवून अर्धा तास भिजत घाला.
2. डाळीचा डबा खाली, तांदळाचा वर.
3. पहिली शिट्टी झाली की गॅस एकदम बारीक, सात-आठ मिनिटांनी बंद, आणि मग कुकरला हात लावायचा नाही, प्रेशर आपोआप उतरू दे, आतल्या वाफेवरच डाळ इतकी मऊ होते की पळीनेच घोटली जाते.

फक्त राजमा असा कमी वेळात उरकू नका, तो रात्रभर भिजवून पूर्ण शिजवायलाच हवा, कच्चा राहिला तर पोट बिघडतं.